बिनमिठाचा पाव, पाण्यातल्या शेवया आणि डांबर न टाकलेले रस्ते: इटलीतल्या सायकल रेसची एक स्टेज, पोटातून बघितलेली

तारीख १८ मे २०२५, रविवार. इटलीतल्या सिएना शहरातला पियाझ्झा देल काम्पो हा शिंपल्याच्या आकाराचा विटांचा चौक माणसांनी गच्च भरलेला. दगडी गल्लीचा चढ संपवून दोन सायकलवाले चौकात घुसतात. दोघंही धुळीने पांढरे झालेले, डोळे तेवढे दिसतायत. बेल्जियमचा वाउट व्हॅन आर्ट शेवटच्या वळणांवर पुढे निघतो आणि जिंकतो. त्याच्या मागे २१ वर्षांचा इसाक डेल टोरो. रेस हरला, पण त्याच संध्याकाळी 'जिरो द इटालिया'ची गुलाबी जर्सी घालणारा तो पहिला मेक्सिकन ठरला.

या फिनिशचे रील्स तुम्ही पाहिले असतील. गंमत अशी की त्या दिवशी हे लोक १८१ किलोमीटर ज्या भागातून आले, तो इटलीतल्या सगळ्यात चविष्ट भागांपैकी एक आहे आणि यांनी त्यातलं काहीही खाल्लं नाही. सायकलवाल्यांच्या खिशात असतात जेलची पाकिटं, एनर्जी बार आणि भाताच्या चिकट वड्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चीज, हॅम, वाइन आणि हे बिचारे तासाला किती ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात गेलं याचा हिशोब करत पुढे.

म्हणून म्हटलं, ही स्टेज आपण खात खात करू. आणि जाता जाता एक प्रश्नही सोडवू. युरोपातल्या एका श्रीमंत देशात, जगातल्या मोठ्या रेसच्या मार्गावर, जवळपास ३० किलोमीटर रस्ता बिनडांबराचा कसा?

आधी दोन मिनिटांत 'जिरो'

फ्रान्सची टूर द फ्रान्स तशी इटलीची जिरो. १९०९ साली 'ला गझेत्ता देल्लो स्पोर्ट' या वर्तमानपत्राने सुरू केली. पेपर गुलाबी कागदावर छापतात, म्हणून १९३१ पासून एकूण वेळेत सगळ्यात पुढे असणाऱ्याला गुलाबी जर्सी. रेस साधारण तीन आठवडे चालते, रोज नवीन मार्ग, आणि त्या एका दिवसाच्या मार्गाला स्टेज म्हणतात.

आपली स्टेज सुरू व्हावी आणि संपावी म्हणून शहरं आयोजकांना पैसे मोजतात. कारण हेलिकॉप्टरचा कॅमेरा सायकलींवर जितका असतो तितकाच किल्ल्यांवर, द्राक्षमळ्यांवर आणि चर्चच्या घुमटांवर असतो. तीन आठवड्यांची पर्यटनाची जाहिरातच म्हणा ना.

२०२५ ची नववी स्टेज होती गुब्बिओ ते सिएना. म्हणजे उम्ब्रिया प्रांतातून निघून पश्चिमेला टस्कनीत.

गुब्बिओ: जिथे रेसचा निकाल आधीच ठरलेला असतो

गुब्बिओ हे डोंगराच्या कुशीतलं करड्या दगडांचं जुनं गाव. जिरोवाले इथे पोचले त्याच्या तीनच दिवस आधी गावाची स्वतःची रेस होऊन गेली होती. दरवर्षी १५ मेला होते, तिचं नाव 'कोर्सा देई चेरी'. चेरी म्हणजे फळ नाही, मोठ्या मेणबत्त्या. प्रत्यक्षात ते असतात लाकडाचे उंच, अवजड खांब, प्रत्येकावर एकेका संताची मूर्ती. असे तीन खांब उभेच्या उभे खांद्यावर घेऊन लोक गावातून पळतात आणि मग माउंट इंजिनोवरच्या संत उबाल्दोच्या चर्चपर्यंत चढतात.

आता यातली खरी मजा. क्रम कधीच बदलत नाही. पहिला संत उबाल्दो, दुसरा संत जॉर्ज, तिसरा संत अँथनी. ओव्हरटेक करायचंच नसतं. मग रेस कसली? तर खांब कोणी सरळ धरला, कोणाचा डगमगला, कोणाचा पडला, यावर पुढे वर्षभर गप्पा. पालखीला खांदा देण्याची धडपड ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. या खांबांचं चित्र उम्ब्रिया प्रांताच्या अधिकृत चिन्हातही आहे.

गावात खायचं काय? तर 'क्रेशा'. गव्हाच्या पिठाची जाड, गोल, चपटी रोटी. जाड तव्यावर भाजतात, मधून चिरतात आणि आत हॅम किंवा सॉसेज भरतात. मांसाहार करत नसाल तर चीज आणि परतलेली पालेभाजी मागा, तीही मिळते. पेरुजियाच्या बाजूला याच प्रकाराला 'तोर्ता अल तेस्तो' म्हणतात आणि कोणाची चांगली यावर वाद घालतात. दोन गावांच्या मिसळीवरून होतो तसाच.

बघायला पालाझ्झो देई कोन्सोली हा चौदाव्या शतकातला राजवाडा. त्यात सात काशाचे पत्रे ठेवले आहेत, त्यांवर लॅटिनच्या आधी या भागात बोलल्या जाणाऱ्या उम्ब्रियन भाषेतला मजकूर कोरलेला. डोंगरावर जायला रोपवे आहे, पण डबा नाही, पक्ष्याच्या पिंजऱ्यासारखी जाळी. उभं राहायचं आणि लोंबकळत वर जायचं. आणि एक 'वेड्यांचं कारंजं' आहे. त्याभोवती तीन फेऱ्या मारल्या की 'अधिकृत वेडा' असल्याचं लायसन्स मिळतं. इन्स्टावर टाकायला यापेक्षा चांगलं काय.

पावात मीठ का नाही?

उम्ब्रियात किंवा टस्कनीत पहिल्यांदा जेवायला बसलेला माणूस पावाचा पहिला घास घेतो आणि समोरच्याकडे बघतो. काहीतरी राहिलंय. राहिलेलं असतं मीठ. इथल्या रोजच्या पावात ते घालतच नाहीत.

याची एक जबरदस्त गोष्ट सांगितली जाते. १५४० मध्ये पोप तिसरा पॉल याने मिठाचा बोजा वाढवला. पेरुजियाच्या लोकांनी बंड केलं. पोपच्या सैन्याने ते चिरडलं आणि बंडखोरांच्या छातीवर बसावा तसा शहरात 'रोक्का पाओलिना' हा किल्ला बांधला. मग लोकांनी ठरवलं, तुझं मीठच नको. पाव तेव्हापासून अळणी.

मिठावरचा कर म्हटल्यावर आपल्याला लगेच दांडी आणि आपल्या कोकणातलं शिरोडा आठवतं, त्यामुळे ही गोष्ट पटकन पटते. बंड खरं आहे, किल्ला खरा आहे, आजही पेरुजियात त्याचे भुयारी रस्ते बघता येतात. पण पावाचं कारण हेच, असं मानणं अवघड आहे. कारण फ्लॉरेन्सहून हद्दपार झालेल्या दान्तेने परक्याच्या पावाच्या खारटपणाचा उल्लेख आपल्या महाकाव्यात केला आहे, आणि दान्ते वारला १३२१ साली. म्हणजे बंडाच्या दोनशे वर्षं आधी टस्कनीतल्या माणसाला खारट पाव परका वाटत होता.

मीठ महाग होतं, आणि सोबतीचं हॅम नि चीज आधीच खारवलेलं असायचं. मग पावात कशाला वाया घालवा? बंडापेक्षा हे कारण कमी फिल्मी आहे, पण स्वयंपाकघरात जास्त शोभतं. तिथे गेलात तर पाव नुसता खाऊन नावं ठेवू नका. त्यावर मेंढीच्या दुधाचं 'पेकोरिनो' चीज ठेवा, मग कळतं.

मातीचे डोंगर, रिकामी घरं

टस्कनीत शिरून सिएनाच्या दक्षिणेला आलं की जमिनीचा रंग बदलतो. या भागाला 'क्रेते सेनेसी' म्हणतात, म्हणजे सिएनाची चिकणमाती. लाखो वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या तळाचा हा गाळ. करडे, बोडके, गोलाकार डोंगर. मे महिन्यात त्यांवर गहू डोलतो तेव्हा डोळ्यांचं पारणं फिटतं, ऑगस्टमध्ये सगळं भाजून निघालेलं असतं. वॉलपेपरवर सायप्रसच्या झाडांची रांग आणि टेकडीवर एकटं घर असा जो फोटो असतो ना, तो बहुतेक वेळा इथला किंवा शेजारच्या व्हाल दोर्चा खोऱ्यातला.

त्या एकट्या घराची गोष्ट मात्र वॉलपेपरवर नसते.

तिथे राहायचे ते मालक नव्हते, कुळं होती. पद्धतीचं नाव 'मेझ्झाद्रिया'. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, पीक अर्धं-अर्धं. आपल्याकडच्या अर्धेलीची इटालियन बहीण. एकेका घरात मोठं खटलं, शेताला लागूनच घर, आणि घराकडे येणारा चुनखडीच्या खडीचा पांढरा रस्ता. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने उभे राहिले तशी कुळांची पोरं शहराकडे गेली. १९६४ मध्ये कायद्याने नवीन मेझ्झाद्रिया करार बंद केले. तोवर घरं ओस पडायला लागली होती.

रिकाम्या झालेल्या या जमिनींवर मग सार्डिनिया बेटावरचे मेंढपाळ आपले कळप घेऊन आले. आज पिएन्झा गावाचं पेकोरिनो जगभर 'टस्कनीची चव' म्हणून विकलं जातं, त्यामागे या बाहेरून आलेल्या मेंढपाळांची मेहनत आहे. बाटलीवरच्या आणि पॅकेटवरच्या चित्रात ते फारसे दिसत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

इथलं दुसरं नावाजलेलं जनावर म्हणजे 'चिंता सेनेसे' डुक्कर. चिंता म्हणजे पट्टा. अंग काळं आणि खांद्यावरून पांढरा पट्टा. सिएनाच्या नगर-राजवाड्यात आम्ब्रोजो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये काढलेलं 'चांगल्या राज्यकारभाराचं' मोठं भित्तिचित्र आहे, त्यात एक शेतकरी असंच पट्टेवालं डुक्कर हाकत नेताना दिसतो. जवळपास ७०० वर्षांचा पुरावा! तरी विसाव्या शतकात लवकर वाढणाऱ्या जातींपुढे ही जात नष्ट व्हायला आली होती. काही शेतकऱ्यांनी टिकवली आणि २०१२ मध्ये तिच्या मांसाला युरोपीय संघाचं संरक्षित नाव मिळालं. आपल्या जीआय टॅगसारखं.

मग रस्त्यांचं काय झालं?

रस्ते तसेच राहिले, कारण ज्यांच्यासाठी डांबर टाकायचं ती माणसंच निघून गेली होती. इटालियनमध्ये त्यांना 'स्त्रादे बियांके' म्हणतात, पांढरे रस्ते. उन्हात धूळ, पावसात चिखल. पुढे एकेक रस्ता डांबरी व्हायला लागला तेव्हा काही लोकांना वाटलं, हे गेलं की परत येणार नाही.

त्यातलेच एक जियांकार्लो ब्रोची. १९९७ मध्ये त्यांनी किआंती भागातल्या गायोले गावातून 'लेरोइका' नावाची सायकल राइड सुरू केली. नियम असा की सायकल जुनी हवी, कपडे जुन्या काळचे हवेत आणि वाट पांढऱ्या रस्त्यांची. पहिल्या वर्षी ९२ जण आले. वाटेतल्या थांब्यांवर जेल-बिल नाही. पाव, सलामी, शिळ्या पावाचं सूप आणि वाइन. हळूहळू जगभरातून हजारो लोक यायला लागले. त्यातूनच २००७ मध्ये व्यावसायिक सायकलपटूंची रेस निघाली, तिचं नावच 'स्त्रादे बियांके'. जिरोनेही हे रस्ते उचलले. २०१० मध्ये मोंताल्चिनोकडे जाणारी स्टेज पावसात झाली, ऑस्ट्रेलियाचा कॅडेल इव्हान्स जिंकला, पण फोटोत तो ओळखू येत नाही इतका चिखल.

ज्या रस्त्याची किंमत शून्य होती तो आता त्या भागाची ओळख झाला. डांबर टाकायचं म्हटलं तर विरोध होतो. या रस्त्यांच्या कडेला बारा महिने राहणाऱ्याला धूळ, खड्डे आणि दरवर्षीची डागडुजी सोसावी लागते, हेही खरं. पर्यटकाला जे रोमँटिक वाटतं ते धुऊन वाळत घातलेल्या कपड्यांना वाटत नाही.

इथे पुण्याची आठवण येणं साहजिक आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली तेव्हा रेससाठी मार्गावरचे रस्ते आधी गुळगुळीत करून घेतले. सिएनात बरोबर उलटं, रेससाठी रस्ता खडबडीत ठेवतात. दोन्हीकडे लोकांना रेसमुळे मिळालेला रस्ताच लक्षात राहणार बहुतेक.

त्या दिवशी काय झालं

नवव्या स्टेजला असे पाच पांढरे तुकडे होते. पहिलाच, पिएवे आ साल्ती, घात करून गेला. स्लोव्हेनियाचा प्रिमोझ रोग्लिच, २०२३ चा विजेता, तिथे पडला, नंतर पंक्चरही झाला आणि दोन मिनिटांहून जास्त वेळ गमावून बसला. सकाळी गुलाबी जर्सी होती इटलीच्या, आणि तेही टस्कनीच्याच दिएगो उलिसीकडे. घरच्या रस्त्यांवर संध्याकाळपर्यंत ती गेली. पुढे डेल टोरोने ती स्टेज २० पर्यंत सांभाळली आणि रोमला पोचण्याच्या आदल्या दिवशी ती सायमन येट्सने नेली.

पाचपैकी एक छोटासा तुकडा मॉन्तापेर्तीचा. सायकलने दीड-दोन मिनिटांचं काम. पण हे इतिहासातलं मोठं नाव आहे. ४ सप्टेंबर १२६० रोजी सिएनाने इथे बलाढ्य फ्लॉरेन्सचा पराभव केला. सिएनाचे लोक फ्लॉरेन्सवाल्यांना त्यावरून आजही चिडवतात.

गरिबाचं ताट, आता मेनूकार्डावर

मार्गाजवळच्या कुठल्याही साध्या खानावळीत बसलात तर 'पिची' मागवा. हाताने वळलेल्या जाड शेवया, फक्त पीठ आणि पाणी. अंडं नाही, कारण अंडी बाजारात विकायची असत. त्यावर मोठ्या कळ्यांच्या 'आल्योने' लसणाचा टोमॅटोतला सॉस, नाहीतर तेलात खरपूस परतलेला शिळ्या पावाचा चुरा. हा चुरा म्हणजे चीज न परवडणाऱ्यांचं चीज.

शिळ्या पावाचं इथे एक अख्खं शास्त्र आहे. हिवाळ्यात पाव, घेवडा आणि काळा कोबी घालून 'रिबोल्लिता'. शब्दाचा अर्थच पुन्हा उकळलेली. उन्हाळ्यात भिजवून पिळलेला पाव, टोमॅटो, कांदा, बेझिल घालून 'पान्झानेल्ला'. सकाळी शिळ्या पोळीचा कुस्करा खाऊन मोठे झालेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, नवल वाटेल ते बिल बघून.

या जेवणाला 'कुचिना पोवेरा' म्हणतात, गरिबांचा स्वयंपाक. आणि कुळांची जी घरं ओस पडली होती, त्यातली कितीतरी आता पर्यटकांना भाड्याने मिळतात, पुढे स्विमिंग पूल वगैरे. म्हणजे ज्या घरात अंडं खाणं चैन होती, त्याच घरात बसून लोक 'अस्सल' पिची खातात. मला हे खटकतं आणि तरीही मी खाईन. नाहीतर घर पडलं असतं आणि पिची कोणी वळली नसती, हेही दिसतंच.

सिएना: मिरी घातलेली मिठाई

शेवटचा चढ व्हिया सांता कातेरीनाचा, १६ टक्क्यांपर्यंतचा. तो चढून चौकात आलं की सायकलवाल्यांचं काम संपतं आणि आपलं सुरू होतं.

'पानफोर्ते' घ्याच. बदाम, मध, साखर, मुरवलेली फळं आणि मसाले यांची घट्ट, चपटी वडी. आपल्या सुकामेव्याच्या वडीला दालचिनी, लवंग, जायफळ आणि मिरी लावली तर जे होईल ते. हो, मिरी. मध्ययुगात हे मसाले औषधविक्रेत्यांकडे मिळायचे आणि मिठाईही तेच बनवायचे. मिरीचं मूळ आपल्या मलबार किनाऱ्याचं. अरबी व्यापारी आणि व्हेनिसच्या हातांतून ती इथवर यायची. तिखट मिरीच्या या गडद प्रकाराशेजारी पिठीसाखर भुरभुरलेला एक सौम्य प्रकारही दिसेल. तो १८७९ मध्ये राणी मार्गेरिताच्या नावाने निघाला, म्हणून 'पानफोर्ते मार्गेरिता'. सोबत बदामाची मऊ बिस्किटं 'रिचारेल्ली', पण त्यात अंड्याचा पांढरा भाग असतो. आणि पूर्ण शाकाहारी असाल तर अजून एक गोष्ट: पेकोरिनो जमवायला बहुधा जनावराच्या पोटातलं रेनेट वापरतात, विचारून घ्या.

ज्या चौकात व्हॅन आर्ट जिंकला तिथे २ जुलै आणि १६ ऑगस्टला घोड्यांची 'पालिओ' शर्यत होते. विटांवर माती अंथरतात, तीन फेऱ्या, खोगीर नाही. शहरातल्या १७ मोहल्ल्यांपैकी दहांचे घोडे धावतात आणि स्वार पडला तरी घोडा एकटा येऊन जिंकू शकतो. आदल्या रात्री मोहल्ल्याचं जेवण भर रस्त्यात लांबच लांब टेबलं मांडून होतं. पानफोर्तेत १७ पदार्थ असावेत असंही म्हणतात, या १७ मोहल्ल्यांचे.

जायचं असेल तर मे किंवा सप्टेंबर बघा. फ्लॉरेन्सहून सिएनाला बस आणि ट्रेन दोन्ही आहेत. गुब्बिओला रेल्वे स्टेशन नाही, जवळचं स्टेशन फोस्सातो दि व्हिको, तिथून पुढे बस. सायकल चालवणाऱ्यांसाठी लेरोइकाचा २०९ किलोमीटरचा मार्ग वर्षभर पाट्या लावून ठेवलेला असतो, एका दिवसात करायलाच पाहिजे असं काही नाही.

आणि चौकात उभं राहून वर बघा. तो उंच मनोरा 'तोर्रे देल मांजा'. चौदाव्या शतकात त्यावर घंटा वाजवणारा एक माणूस होता, मिळालेला सगळा पगार खाण्यापिण्यात उडवायचा. लोक त्याला 'मांजाग्वादान्यी' म्हणायचे, म्हणजे कमाई खाणारा. मनोऱ्याला त्याचंच नाव पडलं, आणि जिरोचा फिनिश बरोबर त्याच्याच पायथ्याशी होता.